एक जानेवारीला जन्मलेली माणसं

आमच्या घरात तीन पिढ्यांचे तीन वाढदिवस आहेत. आजीचा १ जानेवारी, बाबांचा १ जून आणि माझा १७ सप्टेंबर. यातला खरा फक्त माझा. मी ग्रामीण रुग्णालयात जन्मलो, नर्सनं वेळ बघून नोंद केली. बाबांचा १ जून त्यांच्या गुरुजींनी ठरवला. आजीचा १ जानेवारी संगणकानं ठरवला.

१ जूनचं कोडं मराठी माणसाला सांगावं लागत नाही. फेसबुकवर त्या दिवशी अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं. मग जूनमध्ये भरणाऱ्या शाळेच्या सोयीनं १ जून लिहायचं आणि साल मागे मोजायचं. बाबांचा हात १९७७ साली पोचला. म्हणून ते १ जून १९७१चे.

आजीचा हात कुणी कानाला लावून पाहिला नाही, कारण ती शाळेतच गेली नाही. तिचं माहेर जव्हार तालुक्यातलं, सासर मोखाड्यातलं. साधारण २०१२मध्ये गावात आधारचं यंत्र आलं. ऑपरेटरनं वय विचारलं. आजी म्हणाली, "मला काय ठावं?" मागं रांगेतल्या कुणीतरी 'असंल पंचेचाळीस-सेहेचाळीस' म्हटलं. ऑपरेटरनं ४६ टाकलं, संगणकानं वजाबाकी केली आणि आजी १९६६ साली जन्मली.

हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. २०२१मध्ये तिच्यासाठी 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजने'चा अर्ज भरला, तेव्हा आलं. या योजनेला वय ६५ लागतं. आजी कागदावर ५५ची. अर्ज पहिल्याच पायरीवर अडला. त्याच अर्जासोबत कुटुंबाचा तपशील म्हणून बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता. म्हणजे एकाच फायलीत आई १९६६ची होती आणि तिचा मुलगा १९७१चा. पाच वर्षांच्या मुलीला मूल झालं होतं आणि त्यावर कुणाला काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. असे फॉर्म बनवणं हेच माझं काम. जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, वय अमुकपेक्षा कमी असेल तर पुढं जाऊ द्यायचं नाही, अशा अटी मी कितीतरी वेळा लिहिल्यात. अटीच्या पलीकडे कोण उभं असेल, हा प्रश्न मला कुठल्या मीटिंगमध्ये पडला नव्हता. आजीचा अर्ज अडला तेव्हा आधी संबंधितांचा राग आला, मग आठवलं की मी लिहिली असती तर ती अटही अशीच असती.

तेव्हापासून मी एका साध्या प्रश्नाच्या मागे लागलो. म्हातारपण हा आकडा कधी झाला?

वाऱ्याची रात्र

जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारनं १८८९मध्ये कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा केला. वय ठेवलं ७०. १९१६मध्ये ते ६५वर आणलं. आज जगभर '६५' ऐकू येतं, त्याच्या वंशावळीत हा कायदा आहे. तोवर म्हातारं होणं ही हळूहळू होणारी गोष्ट होती. डोळे कमी दिसू लागायचे, गुडघे दुखायचे, सून आली की चूल तिच्याकडे जायची. कायद्याला असं हळूहळू चालत नाही. त्याला एक तारीख लागते, जिच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हातारे नसता आणि दुसऱ्या दिवशी असता.

ब्रिटननं १९०८मध्ये असाच कायदा केला. सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन. पैसे मिळायला सुरुवात झाली १ जानेवारी १९०९ला. हा कायदा आयर्लंडलाही लागू होता आणि तिथं गंमत झाली. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४मध्ये. सत्तरीचे लोक त्याच्या कितीतरी आधी जन्मलेले. खेड्यापाड्यांत त्यांच्याकडे कागदच नव्हता.

मग अधिकारी विचारू लागले, 'मोठा वारा आठवतो का?' ६ जानेवारी १८३९च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आलं होतं. घरांची छपरं उडाली होती. ती रात्र ज्याला आठवते तो सत्तरीचा झालाच असणार, असा हिशेब. त्या रात्री आपण बटाटा हातात धरून खाण्याएवढे होतो, असं सांगणारे म्हातारे पुढं विनोदाचा विषय झाले, कारण वाऱ्याची आठवण एकाएकी फार लोकांना येऊ लागली. कुणी खोटं बोललं असेलही. पण एका साम्राज्याच्या तिजोरीनं अडाणी माणसाच्या आठवणीला पुरावा मानलं, हे त्यातलं महत्त्वाचं.

हे वाचल्यावर मी आजीला फोन केला आणि तिचा 'वारा' कुठला ते शोधायला लागलो.

जव्हारचा स्वतःचा शक

त्याआधी थोडं आमच्या मुलखाबद्दल. जव्हारला सहाशे वर्षांहून जास्त काळ मुकणे घराण्याचं राज्य होतं, महादेव कोळी राजांचं. या राज्याच्या जन्माची गोष्ट ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. मूळपुरुष जयबा मुकणे यानं बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून भलामोठा प्रदेश वेढला. हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेज शहराबद्दलही सांगतात. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांनी आमचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा त्याची पहिली ओळ कुणा म्हाताऱ्यानं सांगितलेली गोष्ट होती.

पुढे १३४३मध्ये जयबाच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाकडून नीमशहा हा किताब मिळाला. ही घटना दरबाराला एवढी मोठी वाटली की तिथून जव्हारचा स्वतंत्र शक सुरू झाला आणि सरकारी कागदांवर तो चालला, असं गॅझेटिअर सांगतं. हे वाचून मी चकित झालो. ज्या मुलखाला स्वतःची कालगणना होती, त्या मुलखात माझ्या आजीला स्वतःचं जन्मसाल नाही. शक राजाचा होता. डोंगरावर नागली-वरई पिकवणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. मोखाडा तर राजाचाही नव्हता. इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात शहापूरला जोडलेला तो एक पेठा होता. १९४८मध्ये जव्हार संस्थान विलीन झालं, २०१४च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. नकाशे बदलले, वह्या बदलल्या. आजी कुठल्याच वहीत नव्हती.

वर्षं मोजायची सवय आपल्याकडे होती, पण ती पंचांग आणि पत्रिका असलेल्या घरांत. तिथं साठीशांत होते, ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन होतं. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हणसुद्धा साठ मोजता येणाऱ्या घरातलीच. पुढे पगारी नोकरी आली आणि मोजणी पक्की झाली. केंद्र सरकारच्या नोकराला आधी ५५व्या वर्षी घरी जावं लागे, साठच्या दशकात ते ५८ झालं, १९९८मध्ये ६०. माणसं तीच होती. फाइलवर सही झाली आणि म्हातारपण दोन वर्षं पुढं सरकलं.

आजही महाराष्ट्रात म्हातारपणाचे किती आकडे आहेत ते बघा. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७चा कायदा ६०व्या वर्षी ज्येष्ठ मानतो. श्रावणबाळ ६५व्या. एसटीत अर्धं तिकीट ६५ला, आणि ऑगस्ट २०२२पासून पूर्ण फुकट प्रवास पंचाहत्तरीनंतर. रोजगार हमीला तर वरची वयोमर्यादाच नाही. अठरा पूर्ण केलेलं कुणीही खड्डे खणायला येऊ शकतं. म्हणजे एकच बाई एका खिडकीवर आधार द्यावा अशी वृद्ध असते आणि शेजारच्या खिडकीवर कुदळ घ्यावी अशी मजूर.

आजीचा वारा

फोनवर आजीला विचारलं, "तुला सगळ्यात आधीचं काय आठवतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, बाप धरणावर कामाला गेला होता आणि ती त्याच्या मागं रडत पाड्याच्या टोकापर्यंत गेली होती. कुठलं धरण? वैतरणेचं. म्हणजे मोडकसागर. ते पूर्ण झालं १९५७मध्ये, मुंबईला पाणी द्यायला. बापामागं एवढं चालत जाणारी पोर चार-पाच वर्षांची असणारच. म्हणजे जन्म १९५२च्या आसपास किंवा आधी.

पुढं म्हणाली, नसबंदीवाले यायचे तेव्हा पुरुष रानात पळायचे आणि तुझा बाप माझा पदर धरून चालायचा. म्हणजे आणीबाणी, १९७५ ते ७७. मुलगा चार-पाचचा. हे बाबांच्या १ जून १९७१शी जुळलं. गुरुजींचा कानाचा हिशेब फार चुकला नव्हता.

दहा मिनिटांत दोन घटनांवरून आजीचं वय दोन-तीन वर्षांच्या फरकानं निघालं. आधारनं चौदा वर्षांची चूक केली होती. यात आधारच्या आखणीचाच दोष आहे असंही नाही. जन्मतारखेला तिथं तीन दर्जे आहेत: पडताळलेली, सांगितलेली आणि अंदाजे. अंदाज हा अंदाज म्हणून नोंदवायची सोय करणाऱ्यांनी केली होती. आधारचं वाटप २०१०च्या सप्टेंबरमध्ये नंदुरबारच्या टेंभलीत सुरू झालं, तेही आदिवासी गाव. जन्मतारीख नसलेली माणसं त्यांनी पहिल्या दिवसापासून पाहिली असणार. पण तो अंदाज पुढच्या यंत्रणेत गेला, तिथून आणखी पुढच्या, आणि 'अंदाजे' हा शब्द वाटेत गळून पडला. उरलं ०१/०१/१९६६. ते इतकं नेमकं दिसतं की त्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचत नाही.

२०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात सांगितलं की आधार कार्ड हा वयाचा पुरावा धरता येणार नाही, शाळा सोडल्याचा दाखला धरावा. ठीकच आहे. पण जी शाळेतच गेली नाही तिनं काय सोडल्याचा दाखला आणायचा?

कावड कुणाच्या खांद्यावर

योजनेच्या नावाचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. श्रावणबाळाच्या गोष्टीत आईबाप आंधळे आहेत, कावडीत बसलेले आहेत, तहानलेले आहेत. मुलगा पाणी आणायला जातो. म्हातारपणाचं हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय: बसून असलेली, कुणीतरी वाहून न्यायची माणसं.

दिवाळीनंतर मोखाड्यातल्या किंवा जव्हारमधल्या एखाद्या पाड्यावर या. भात-नागली घरात आली की तरुण जोडपी बाहेर पडतात. कुणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, कुणी नाशिककडे द्राक्षबागांत. पाड्यावर उरतात म्हातारे आणि शाळेत जाणारी नातवंडं. होळीला माणसं परत येतात, पुन्हा जातात, पावसाच्या तोंडावर कायमची येतात. मधले सगळे महिने पोरांना उठवणं, जेवू घालणं, तापात दवाखान्यात नेणं, गुरं राखणं, हे सगळं आजीच्या वयाची माणसं करतात. उन्हाळ्यात विहिरी आटतात तेव्हा पाणीही त्याच आणतात. वैतरणेवर याच भागात मोडकसागर आहे, कोचाळ्याजवळ २०१४चं मध्य वैतरणा आहे, मुंबईच्या नळाला ते पाणी जातं. आजी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढते. आमच्याकडे श्रावणबाळ भट्टीवर गेलेला असतो आणि त्याच्या पोरांसाठी पाणी त्याची म्हातारी आई आणते.

'म्हातारा' हा शब्द संस्कृत 'महत्तर'पासून आल्याचं मानलं जातं. महत्तर म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत महत्तर हे गावातले मानकरी असतात, दानाच्या वेळी साक्षीला हजर असलेले. कोकणातलं म्हात्रे हे आडनाव त्याच घरचं. म्हणजे जो शब्द आज आपण हळू आवाजात, टाळत वापरतो, तो कधीकाळी पद होता. साक्ष देणाऱ्याचं पद.

हा अर्थ आमच्याकडे पुरता मेलेला नाही. मोखाड्याच्या बोहाड्यात कुठलं सोंग कुठल्या घराचं आणि कुणामागून कोण निघणार, यावर वाद झाला की म्हाताऱ्याकडेच जावं लागतं. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदीच्या घरात तारपा वाजवतात, दुधी आणि बांबूपासून तो स्वतः बनवतात. २०२६ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं नेमकं वय कुठल्या बातमीत किती छापून आलंय, यावाचून तारप्याचं काही अडत नाही.

पण यात गुलाबी रंग भरायला नको. आमच्याच भागात एकट्या, म्हाताऱ्या विधवेला भुताळी ठरवून छळल्याच्या घटना घडलेल्या आहेत. घरात धान्य कमी पडलं की सगळ्यात आधी म्हातारी 'मला भूक नाही' म्हणते आणि कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. १९९२-९३मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत शंभरहून अधिक बालकं कुपोषणानं गेली, तेव्हा महाराष्ट्राला आमचा पत्ता कळला. तेव्हापासून आमच्याकडे मुलांची वजनं होतात. ती व्हायलाच हवीत. त्याच घरातल्या म्हातारीचं वजन कुणी करत नाही. म्हणून पेन्शन हवीच. २०२३पासून ती महिन्याला १५०० रुपये आहे. पाड्यावर हे पैसे तेल, मीठ, दवाखाना आणि नातवाची वही यांत जातात. मान आहे म्हणून पैसे नकोत, असं फक्त पगार असलेला माणूस म्हणू शकतो.

साक्ष

आजीचं प्रकरण सुटलं ते एका वेगळ्याच कागदामुळे.

वनहक्क कायदा २००६चा. त्याचे नियम निघाले १ जानेवारी २००८ला. आमच्या घरात या तारखेला फार काय काय घडतं. जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीनं १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा, तर तो हक्क मान्य होतो. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अतिक्रमणवाले म्हटलं, त्यांच्याकडे कागद कुठून असणार? म्हणून नियम १३मध्ये पुराव्यांची यादी दिली. त्यात विहिरी आहेत, बांध आहेत, दफनभूमी आहेत, देवाच्या जागा आहेत. आणि त्यात आहे: दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचं लेखी नोंदवलेलं निवेदन.

कायद्यानं म्हाताऱ्यांना पुन्हा महत्तर केलं होतं, फक्त तो शब्द वापरला नव्हता. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी-आदिवासी चालत गेले, ६ तारखेला निघून १२च्या पहाटे आझाद मैदानावर पोचले. त्यांची एक मुख्य मागणी याच कायद्याच्या अंमलबजावणीची होती. फुटलेल्या, रक्ताळलेल्या पायांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यातले कितीतरी पाय म्हाताऱ्यांचे होते. निवेदनावर अंगठा उठवून जमीन मिळाली नव्हती, म्हणून ते चालले.

आमच्या गावच्या वनहक्क समितीनं २००९मध्ये अशी निवेदनं घेतली होती. त्यात आजीचंही एक होतं, शेजारच्या कुटुंबासाठी दिलेलं. त्याची प्रत बाबांना पत्र्याच्या पेटीत सापडली. वर लिहिलं होतं: वय अंदाजे ५८, धंदा शेती. खाली अंगठा.

ज्या वर्षी सरकारनं तिच्या शब्दावर दुसऱ्याची जमीन ठरवायची तयारी दाखवली, त्या वर्षी ती ५८ची होती. बारा वर्षांनी स्वतःच्या पेन्शनसाठी तिचा शब्द चालेना तेव्हा ती ५५ची झाली होती.

हा कागद वयाचा पुरावा म्हणून चालत नव्हता. पण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो, हे आम्हाला उशिरा कळलं. आम्ही आजीला घेऊन गेलो. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी दात पाहिले, डोळे पाहिले, ते निवेदन वाचलं, बाबांचा दाखला वाचला. मग खुर्ची पुढं ओढून आजीला विचारलं, "आजी, तुमचं लग्न झालं तेव्हा गावात रस्ता होता का?"

आयर्लंडच्या त्या वाऱ्याबद्दल त्यांनी ऐकलं नसेल. पण प्रश्न तोच होता. आजी अर्धा तास बोलली. दाखल्यावर लिहिलं गेलं: वय अंदाजे ७०. पुढं आणखी वर्षभर हेलपाटे झाले, पण पेन्शन सुरू झाली. दुरुस्त आधार आलं तेव्हा मी आधी तारीख पाहिली. ०१/०१/१९५२.

माझ्या कामाच्या ठिकाणी मी एक छोटी सुधारणा सुचवली आहे. जन्मतारखेशेजारी 'अंदाजे' अशी एक खूण, जी पुढच्या प्रत्येक यंत्रणेत सोबत जाईल आणि जिच्यासाठी वयाची अट थेट नकार न देता माणसाकडे पाठवेल. चार दिवसांचं काम आहे. वरिष्ठ म्हणाले, किती लोकांचा प्रश्न असेल हा? मी म्हटलं, मोजता येणार नाही, कारण आपण तो शब्द साठवतच नाही. सुधारणा अजून यादीत आहे, खालून तिसरी.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीला तिचं २००९चं निवेदन मोठ्यानं वाचून दाखवलं. सरकारी मराठीतलं, कुणा शिकलेल्या पोरानं लिहून घेतलेलं. वयाची ओळ आली, तिनं काही लक्ष दिलं नाही. जमिनीच्या चतुःसीमा आल्या. पूर्वेस नाला, दक्षिणेस मोहाचं झाड.

"थांब," ती म्हणाली. "मोह दक्षिणेला नव्हं. नाल्याच्या अलीकडं. आता तोडलाय तो, पण बुंधा हाय. उद्या दाखवते. लिहून घे."

मी फोन काढला आणि लिहून घेतलं.